नाही वाचलं तर नाही वाचलं

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डिसेंबर उजाडला की याद्या पडू लागतात: कुणाची चाळीस पुस्तकं झाली, कुणाची बावन्न. आणि दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आजीचा ठरलेला प्रश्न असतो, "पोर मराठी वाचतं की नाही?" दोन्ही जाच वाचनाचेच, पण उपाय मात्र वेगळे.

मोठ्यांचं सोपं आहे. आकडा मोजायला लागलं की माणूस नकळत पातळ पुस्तकं उचलतो आणि सातशे पानांची कादंबरी 'सुट्टीत बघू' म्हणून मागे पडते. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावरचं वार्षिक आव्हान (वर्षात किती पुस्तकं वाचणार तो आकडा जाहीर करायचा) ऐच्छिक असतं, ते घेऊच नका. घेतलंच असेल तर आकडा वर्षाच्या मध्यातही कमी करता येतो. ग्रुप सोडायचा संकोच वाटत असेल, तर म्यूट करा. कुणाला पत्ताही लागत नाही.

पुस्तक अर्धवट टाकायची लाज वाटते? नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा हिशेब वापरा. पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने ५० पानं वाचून पाहावीत. त्यापुढच्याने १०० मधून आपलं वय वजा करावं. म्हणजे बासष्टाव्या वर्षी ३८ पानं पुरे. तेवढ्यात मन रमलं नाही तर पुस्तक खाली ठेवायचं. टपालाने आलेल्या दिवाळी अंकांनाही हेच लागू: अनुक्रमणिकेत दोन-तीन लेखांवर खूण करा, ते वाचा आणि अंक पुढच्या घरी द्या. अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलाच पाहिजे, असा नियम कुणी केलेला नाही.

मुलांचं प्रकरण नाजूक. घरी फडाफडा मराठी बोलणारं मूल पुस्तकापुढे अडखळतं, तेव्हा त्याला आळशी ठरवलं जातं. खरं तर घराबाहेर त्याला देवनागरी दिसतच नाही, आणि लिपीत चकवे आहेत. 'कि'मधली वेलांटी आधी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते. 'अर्क'मधला रफार क-च्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा असतो त्याच्या आधी. 'प्र', 'ट्र' आणि 'दऱ्या' यांतला र तीन तऱ्हांनी लिहितात. शिवाय दुनिया या अर्थाचं 'जग' आणि जगण्यातलं 'जग' यांचे उच्चार वेगळे, लिहायचं मात्र एकच. बोललेलं कळतं, पण कागदावरचं ओळखायला वेळ लागतो; ही सरावाची कमतरता आहे, बुद्धीची किंवा संस्कारांची नव्हे.

रोज दहा मिनिटं पुरतात. आधी तुम्ही परिच्छेद वाचा, मुलाने ओळीखालून बोट फिरवावं. मग एक ओळ तुमची, एक त्याची. अडलं की तीन-चार सेकंद थांबा आणि शब्द सांगून पुढे चला. प्रत्येक चूक जागच्या जागी दुरुस्त केली तर गोष्टीचा धागा तुटतो. दोन चुका लक्षात ठेवून शेवटी दाखवा, बाकीच्या सोडून द्या. पानावर पाचाहून अधिक शब्द अडले तर पुस्तक त्याच्यासाठी अवघड आहे, खालच्या इयत्तेचं घ्या. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, 'किशोर' मासिकाचे जुने अंकही. मात्र वरच्या कोपऱ्यातला 'इयत्ता दुसरी' झाका. दहा वर्षांच्या मुलाला तो शब्द झोंबतो. तीच गोष्ट चारदा वाचायची असेल, तर वाचू द्या. चौथ्या खेपेला जोडाक्षरं आपसूक ओळखू येतात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते व्हिडिओ कॉलवर. "आजीला वाचून दाखव" म्हटलं की वाचन परीक्षा होऊन बसतं. त्याऐवजी सराव झालेल्या चार ओळी मुलाला आपणहून पाठवाव्याशा वाटल्या, तरच ध्वनिमुद्रित करून पाठवा. किंवा उलट करा: "आई, तुम्हीच त्याला वाचून दाखवा ना." दोघांनी एका सुरात वाचायचा हट्ट नको, आवाज मागेपुढे पोहोचतो. एकाने वाचावं, दुसऱ्याने ऐकावं. बहुतेक आज्यांना हे काम मनापासून आवडतं, आणि तो रविवारचा प्रश्नही विरतो.

मूल ठाम नाही म्हणालं, तर दोन आठवडे पुस्तक बाजूला ठेवा. गोष्ट ऐकणं मात्र चालू असू द्या. परत सुरुवात कराल तेव्हा पुस्तक त्यालाच निवडू द्या. विनोदांचं पुस्तक किंवा चित्रकथा उचलली तरी नाक मुरडू नका.