घरच्या बॅकअपसाठी परवडणारी आणि भरवशाची एक्स्टर्नल हार्ड डिस्क कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : लॅपटॉपवर सुमारे 600 जीबी फोटो-व्हिडिओ, घराचे कागद आणि दुकानाच्या हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा आहे, घर कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्यावर आहे, आणि चांगल्या कंपनीची 4 टीबीची एक डिस्क घेऊन विषय मिटवावा का?

4 टीबीची एक घेऊ नका. 2 टीबीच्या दोन घ्या आणि त्यातली एक शाहूपुरीच्या बाहेर ठेवा. बजेट तंग असेल तर 1 टीबीच्या दोन घेतल्या तरी आजचा डेटा मावतो. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते. ती फसवणूक नाही, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज 1024 नं. पण मोबाइलचे व्हिडिओ दरवर्षी वाढतच जातात, आणि 1 व 2 टीबीच्या किमतीत दुपटीचा फरक नसतो. म्हणून माझं मत 2 टीबीला. दुकानात किंमत विचारली की ती टीबीनं भागा, कुठली स्वस्त पडते ते लगेच कळतं.

कंपनीवरून फार डोकं शिणवू नका. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क आज सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच कंपन्या बनवतात. इतर नावांच्या डब्यांतही यांच्यापैकीच कुणाची तरी डिस्क असते. तिघांच्याही डिस्क बिघडतात आणि तिघांच्याही वर्षानुवर्षं चालतात. फक्त दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या घेऊ नका. एका लॉटमध्ये दोष असला तर दोन्ही मागंपुढं जातील. एक या कंपनीची, एक त्या कंपनीची, इतकं पुरेसं आहे. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतला डेटा मिळत नाही. त्यामुळं वॉरंटीच्या एका जादा वर्षासाठी फार पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिप असलेली डिस्क, का नको? ती पडली तरी सहसा टिकते आणि वेगही चांगला देते, पण तेवढ्याच जागेला किंमत बरीच जास्त. शिवाय एसएसडीत डेटा विद्युतभाराच्या रूपात साठतो आणि ती वीज न मिळता बराच काळ पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो. कपाटात महिनोन्‌महिने राहणाऱ्या बॅकअपला साधी हार्ड डिस्कच बरी. रोज पिशवीत घालून न्यायची असेल तर मात्र एसएसडी घ्या.

ऑनलाइन खिशात मावणारी '16 टीबी' एक्स्टर्नल डिस्क हजार-दोन हजारांत दिसते. ती घेऊच नका. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगणारं सर्किट. फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, नावं दिसतात, पण खरी जागा संपली की पुढचा डेटा जुन्यावरच लिहिला जातो. उघडायला गेल्यावर सगळं कळतं.

दुकानातून घेतलीत तर जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते पाहा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली डिस्क नव्या डब्यात घालून विकली जाते, ती इथंच पकडता येते.

घरी आणल्यावर लगेच डेटा टाकू नका, आधी तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. उजव्या कोपऱ्यात 'पॉवर ऑन अवर्स' असतं. नव्या डिस्कला तिथं शून्य किंवा अगदी एक-दोन तास हवेत. शेकड्यात आकडा दिसला तर डिस्क वापरलेली आहे, परत करा. मग खाली 05, सी5 आणि सी6 या तीन ओळी बघा : खराब झाल्यामुळं बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे कप्पे), वाचता न आल्यानं संशयात असलेले सेक्टर आणि दुरुस्त न झालेले सेक्टर. शेवटच्या 'रॉ व्हॅल्यूज' रकान्यात तिन्हींपुढं नुसती शून्यं हवीत. वर निळ्या रंगात 'गुड' आहे एवढ्यावर समाधान मानू नका. या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. पुढं दर दोन-तीन महिन्यांनी त्याच्याशी ताडून पाहा. सी5 चा आकडा वाढू लागला तर त्या डिस्कवर विसंबणं त्याच दिवशी थांबवा.

त्यानंतर एच2टेस्टडब्ल्यू लावा. हे सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून लिहितं आणि परत वाचून जुळवतं. सेकंदाला 100 एमबी धरले तर 2 टीबी लिहायला साडेपाच तास आणि वाचायला तेवढेच. रात्री लावून झोपा, लॅपटॉपचं स्लीप बंद ठेवा. क्षमता खोटी असेल किंवा एखादा भाग कच्चा असेल तर तो इथंच उघडा पडतो, आणि तोवर दुकानदाराची बदलून द्यायची मुदतही संपलेली नसते.

आता केबल. आजही बऱ्याच पोर्टेबल डिस्कना ती रुंद, चपटी, मध्ये खाच असलेली मायक्रो-बी केबल येते. डिस्क दिसते-जाते अशी तक्रार असली की आधी संशय या केबलवर घ्या. ती सैल होते आणि वीज नीट पोचत नाही. यूएसबी 3 चा पोर्ट 900 मिलिअँपिअर देतो, जुना यूएसबी 2 चा 500. तबकडी फिरायला सुरुवात होताना वीज जास्त लागते. म्हणून डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवर किंवा स्वस्त हबवर डिस्क नुसती टकटक करते आणि चालू होत नाही. मागचा पोर्ट वापरा. चांगल्या केबलवर आणि चांगल्या पोर्टवरही टकटक होत असेल तर ते हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग, बिघडल्याचं लक्षण. पुन्हापुन्हा लावून बघू नका, दर वेळी तबकडी जास्त खरवडली जाण्याची भीती असते.

फक्त विंडोज वापरत असाल तर डिस्कचा फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइली मांडायची पद्धत, एनटीएफएस ठेवा. एक्सफॅट मॅकवरही चालतं, पण लिहिताना केबल निघाली तर त्यात आख्खा फोल्डर बिघडू शकतो, एनटीएफएस बदलांची नोंद ठेवत असल्यानं बरंच सावरतं. तरीही 'इजेक्ट' करूनच काढायची. आणि डिस्क चालू असताना ती उचलायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. हेड आणि तबकडी यांच्यात काही नॅनोमीटरचं अंतर असतं, चालू डिस्क टेबलावर नुसती आडवी पडली तरी ती कायमची बिघडू शकते.

पहिला पूर्ण बॅकअप घेताना वेग सुरुवातीला चांगला असतो आणि नंतर एकदम पडतो. घाबरू नका. या लहान डिस्कपैकी बहुतेकांत ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळं सलग मोठं लिखाण आलं की त्या मागं पडतात. मध्येच उपटू नका, आणि कॉपी संपल्यावरही पाचेक मिनिटं लावून ठेवा.

कॉपीसाठी फ्रीफाइलसिंक वापरा. त्यात 'मिरर' निवडलंत तर लॅपटॉपवरून चुकून उडालेली फाइल बॅकअपमधूनही उडेल. 'अपडेट' निवडा, म्हणजे नवं आणि बदललेलं तेवढंच जातं, काही पुसलं जात नाही. टॅली मात्र आधी बंद करा. 10000 सारख्या आकड्याचा कंपनीचा फोल्डर चालू टॅलीत कॉपी केला तर फाइली अर्धवट उतरू शकतात. हा डेटा आकारानं लहान असतो, तेव्हा दर महिन्याला तारखेच्या नावानं नवा फोल्डर करा. हिशेबातली चूक तीन महिन्यांनी लक्षात आली तर जुनी प्रत हाताशी असते.

काम झालं की डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेली ठेवली तर डेटा कुलूपबंद करणारा व्हायरस लॅपटॉपबरोबर तिच्यातही शिरतो. तीच डिस्क टीव्हीला लावून सिनेमे बघणंही नको.

दुसऱ्या डिस्कचं आता. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि शाहूपुरीतल्या कित्येक तळमजल्यांवर शिरलं. अशा वेळी माणसं, गादी, धान्य, गॅस वर न्यायची धांदल असते, डिस्क कुणाच्या ध्यानात राहणार? म्हणून ती आधीच बाहेर हवी. सागरमाळला, विद्यापीठाकडच्या उंच भागात कुणी पाव्हणे असतील तर त्यांच्याकडं ठेवा. पुण्यातही चालेल, पण अदलाबदल करणं जमत नाही आणि ती प्रत वर्षभर जुनीच राहते. गावातल्या गावात उंचावर ठेवली तर दर दोन महिन्यांनी दोन्ही डिस्क आलटून पालटून नेता येतात. जून संपायच्या आत एक फेरी नक्की करा.

दुसऱ्याच्या घरी ठेवायची म्हणजे कुलूप हवं. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, होम असेल तर व्हेराक्रिप्ट. पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून वेगळा ठेवा आणि घरातल्या एकाला तरी सांगा. तो हरवला तर डेटा कुणालाच काढून देता येत नाही.

ठेवताना झिपच्या जाड पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या घाला आणि दरवर्षी जूनमध्ये त्या बदला. आपल्याकडच्या पावसात कनेक्टरला गंज धरतो. आणि डिस्क कधी पुराच्या पाण्यात गेलीच तर ती वाळवू नका, तांदळात पुरू नका, हेअर ड्रायर लावू नका, चालू तर मुळीच करू नका. डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत जातो आणि वाळला की तबकडीला चिकटतो. ओलीच पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडं पोचवा.

तिसरी प्रत फक्त घराचे कागद, पॉलिसी, टॅलीचा ताजा फोल्डर यांची, गुगल ड्राइव्हच्या फुकटच्या 15 जीबीत. एवढ्यासाठी पैसे भरायची गरज नाही.

दर तीन महिन्यांनी दोन्ही डिस्कमधल्या वेगवेगळ्या वर्षांच्या दहा-बारा फाइली उघडून बघा, व्हिडिओ शेवटपर्यंत पुढं सरकवून पाहा. चार-पाच वर्षं झाली की नवी आणा आणि सगळ्यात जुनीला तिसरी जादा प्रत म्हणून ठेवा.