‘ब्लॅक ख्रिसमस’मध्ये खुनी कोण, ते शेवटी कळतं का? (पुण्यात वसतिगृहातल्या मैत्रिणींना दाखवायचा आहे)

नाही, १९७४च्या मूळ चित्रपटात खुनी कोण हे शेवटपर्यंत उघड होत नाही. मी तो दोनदा पाहिलाय, दुसऱ्यांदा खास हेच तपासायला. दिग्दर्शक बॉब क्लार्कने बऱ्याच ठिकाणी कॅमेराच खुन्याच्या डोळ्यांसारखा फिरवलाय. आपल्या हाती लागतो तो दाराआडचा एक डोळा, सावली आणि फोनवरचे ते भयंकर आवाज. भीती त्या न कळण्यातच आहे, आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना तर ती जास्तच भिडेल. फक्त लावण्याआधी साल नक्की बघा: २००६च्या नव्या आवृत्तीत खुन्याला भूतकाळ दिलाय, तिथे हे गूढ उरत नाही.