नोंदणीच्या फॉर्मवरील स्पॅम आणि ईमेल पत्त्यांची रोखयादी

प्रश्न : आमच्या तालुका वाचनालयाच्या संकेतस्थळावर सभासद नोंदणीचा फॉर्म आहे. त्यावर रातोरात बनावट अर्जांचा ढीग पडतो. प्रत्येक अर्जातील ईमेल पत्ता आम्ही ब्लॉक करतो, तरी अर्ज थांबत नाहीत. उलट अश्विनी नावाच्या दोन खऱ्या वाचकांचेच अर्ज नाकारले गेले. आमचे काय चुकते?
– एक ग्रंथपाल

उत्तर : अश्विनीताईंचे अर्ज का अडले, याचे उत्तर बहुधा तुमच्या रोखयादीतच मिळेल. लॉटरीचे आमिष दाखवणारे अर्ज अडवण्यासाठी कोणी ‘विन’ हा इंग्रजी शब्द यादीत घातला आहे का, ते पाहा. अनेक प्रणाली पूर्ण शब्द न पाहता नुसती अक्षरे जुळवतात आणि रोमन लिपीतल्या ‘अश्विनी’च्या पोटात ती तिन्ही अक्षरे ओळीने येतात. असे तुटक शब्द यादीतून काढून टाकावेत.

आता मूळ दुखणे. फॉर्म आपोआप भरत सुटणाऱ्या संगणक प्रोग्रामला, म्हणजे बॉटला, नवा पत्ता घेण्यासाठी काहीही कष्ट पडत नाहीत. जीमेल तर ॲट चिन्हाआधीची टिंबे आणि अधिक चिन्हापुढचा मजकूर विचारातच घेत नाही. त्यामुळे ‘रामपवार’, ‘राम.पवार’ आणि ‘रामपवार+७’ या तिन्ही पत्त्यांवरची पत्रे एकाच पेटीत पडतात, तुमच्या यादीला मात्र ती तीन वेगळी माणसे वाटतात. म्हणून जीमेलचे पत्ते ताडून पाहण्यापूर्वी टिंबे व अधिक चिन्हापुढचा भाग गाळण्याची सोय करून घ्यावी. इतर सेवांना हा नियम सरसकट लावू नये, कारण तेथे टिंबामुळे पत्ता खरोखर बदलू शकतो.

शिवाय पुष्कळदा बॉट कोणा तिऱ्हाइताचा खरा पत्ता भरतो. तो ब्लॉक केला की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! उद्या तोच माणूस सभासद व्हायला आला, तर त्याला दार बंद.

संपूर्ण डोमेन (पत्त्यातला ॲट चिन्हापुढचा भाग) अडवणे फायद्याचे ठरते ते मेलिनेटरसारख्या तात्पुरते पत्ते देणाऱ्या सेवांच्या बाबतीत. अशा डोमेनांच्या याद्या गिटहब या संकेतस्थळावर मोफत मिळतात. नवी डोमेने सतत निघत असल्याने त्या अधूनमधून ताज्या कराव्या लागतात. मात्र वैतागून जीमेल किंवा याहू अडवू नका, सुक्याबरोबर ओलेही जळेल.

माझ्या मते खरा भर पत्त्यांवर नव्हे, तर फॉर्मवर द्यावा. माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना फॉर्ममध्ये ठेवावा. बॉट दिसेल तो रकाना भरत सुटतो, म्हणून हा रकाना भरलेला अर्ज सर्व्हरने, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाने, परस्पर टाकून द्यावा. दृष्टिहीन वाचकांचे स्क्रीनरीडर तो रकाना वाचून दाखवणार नाही, याची खबरदारी फॉर्म बनवणाऱ्याने घ्यायची आहे. एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) तासाला किती अर्ज स्वीकारायचे, यालाही मर्यादा असावी. ही तपासणी केवळ ब्राउझरमध्ये ठेवून भागत नाही, कारण बॉट तुमचे पान न उघडताही थेट सर्व्हरकडे अर्ज पाठवू शकतो.

या चाळणीतून उतरलेल्या अर्जदारालाच पडताळणीचा दुवा पाठवावा आणि त्याने तो उघडून संमती दिल्यावरच नोंदणी पक्की करावी. हा क्रम उलटा केलात, तर तुमचाच सर्व्हर अनोळखी लोकांना नकोशी पत्रे धाडू लागेल आणि मग वाचनालयाची खरी पत्रेसुद्धा सभासदांच्या स्पॅम फोल्डरमध्ये जाऊ लागतील.