मुलाला वर्गात पोरं छळतात, पण गावात सगळे ‘पोरं आहेत, चालायचंच’ म्हणतात. असं का?
आमच्या सांगलीकडं तालमीचा वारसा मोठा. पोरगं रडत घरी आलं की पहिला प्रश्न, “मार खाऊन आलास? तू का नाही दिलास?” मग पुढच्या वेळी ते सांगतच नाही. डबा भरलेला परत येतो, पोटदुखीनं शाळा बुडते. छळणारा भावकीतला असला तर तक्रार म्हणजे दोन घरांचं वैर, म्हणून मिटवामिटवी. चिडवणंही बऱ्याचदा जातीवरून, रंगावरून असतं. ही वृत्ती बदलता येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली! तुम्ही मुख्याध्यापकांकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या. राज्याच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानं ७ दिवसांत चौकशी बंधनकारक आहे.