"मी टेन्शन घेतलं म्हणून बाळाचं जीन बंद पडलं का?"

मागे एक आई आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), मांडीवर ६ आठवड्यांचं बाळ आणि मोबाईलमध्ये ढीगभर स्क्रीनशॉट. बाळ ३८ आठवड्यांना झालं, वजन २.३ किलो. आईच्या खाण्यापिण्याने, स्ट्रेसने बाळाच्या वाढीच्या जीन्सवर मिथाईलचे टॅग (जीन चालू-बंद करणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) बसतात असं तिने वाचलेलं, त्यात पहिले तीन महिने उलट्यांनी पोटात काही ठरत नव्हतं आणि वर ऑफिसचं टेन्शन. झालं, तिने हिशोब लावून टाकला. "मॅडम, मीच बंद केलं ना ते जीन?"

प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. आयजीएफ-२ नावाचं वाढीचं जीन आहे, त्याची एक कॉपी आईकडून येते एक वडिलांकडून, पण पोटातल्या बाळात काम करते ती वडिलांचीच, आईची गप्प असते. यावर ती पहिल्यांदा हसली, म्हणाली "म्हणजे माझी आधीपासूनच बंद?" हो, आणि वडिलांची चालू ठेवणारे टॅग शुक्राणूतच लागून येतात, उलट्या सुरू व्हायच्या कितीतरी आधी. तिथले टॅग बरेच कमी पडले तर सिल्व्हर-रसेल सिंड्रोम होतो, बाळ पोटातच बारीक राहतं, पण ते दुर्मिळ.

मग तिला नेदरलँड्सचं सांगितलं, मला ते फार आवडतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे उपासमार झाली. गर्भ राहिला तेव्हाच ज्यांच्या आया उपाशी होत्या त्यांचं रक्त साठीच्या आसपास तपासलं, रिझल्ट २००८ मध्ये आले, तर आयजीएफ-२ वरचे टॅग भावंडांपेक्षा थोडे कमी. पण जन्मताना हीच मुलं नॉर्मल वजनाची होती! आणि शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेली मुलं बारीक जन्मली, त्यांच्या टॅगमध्ये मात्र फरक नाही. म्हणजे वजनावरून टॅग ओळखता येत नाहीत आणि टॅगवरून वजन, स्क्रीनशॉटमध्ये हे कुठेच नव्हतं.

तरी सिल्व्हर-रसेलची लक्षणं बघायला टेप काढलीच. डोकं अंगाच्या मानाने मोठं नाही, कपाळ पुढे आलेलं नाही, दोन्ही पाय सारखे. आणि दूध? मी बोलत होते तेवढ्यात बाळ घटाघटा पिऊन झोपलंसुद्धा. वजन ३.४ किलो.

"तुमचं स्वतःचं जन्माचं वजन किती होतं?" तिला माहीत नव्हतं, तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आवाज आला, "अगं तू पण एवढीशीच होतीस, सव्वादोन किलो."

जेनेटिक टेस्ट लिहून दिली नाही. दर महिन्याला वजन, उंची, डोक्याचा घेर चार्टवर मांडायचा, बारीक जन्मलेली बहुतेक मुलं दोन वर्षांपर्यंत उंची भरून काढतात, नाहीच काढली तर तेव्हा टेस्टचं बघू.