अहवाल ‘ओके’, पण गोळ्यांचं काय?

प्रश्न : सोसायटीमागच्या ओढ्याचं पाणी आम्ही तपासून घेतलं. अहवालात पीएच, बीओडी, सीओडी, कॉलिफॉर्म एवढंच आहे. सांडपाण्यातून औषधांचे अंश येतात म्हणे. ते यात दिसायला नकोत का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही दिसणार. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक किंवा फिट्सवरचं कार्बामाझेपिन शोधायचं तर नॅनोग्रॅमपर्यंत उतरावं लागतं, म्हणजे दहा लाखपट बारीक हिशेब.

त्यासाठी आम्ही अर्धा लिटर पाणी गाळतो आणि बोटाएवढ्या कार्ट्रिजमधून थेंबथेंब सोडतो. पाणी निघून जातं, औषधं आतल्या भुकटीला चिकटतात. ती थोड्या मेथॅनॉलने सोडवायची आणि नायट्रोजनची झुळूक देत मेथॅनॉल अर्ध्या मिलीपर्यंत उडवायचं. ५०० मिलीतला ऐवज अर्ध्या मिलीत!

पुढचं काम एलसी-एमएस-एमएसचं, म्हणजे आधी संयुगं वेगळी करून मग त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या मशीनचं. डायक्लोफेनॅकचा २९६ वस्तुमानाचा आयन (विद्युतभारित रेणू) मशीन वेगळा काढतं, फोडतं आणि त्यातून २१४ चा तुकडा निघतो का ते बघतं. हे जुळलं, आलेखावर पीक (सुळका) यायची वेळही जुळली, तरच नाव घ्यायचं. सांडपाण्यातली बाकीची घाण सिग्नल दाबते, म्हणून ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घातलेलं तेच औषध सुरुवातीलाच मोजून टाकतो. त्याचं जेवढं हरवलं, तेवढंच नमुन्यातल्याचंही हरवलं असं धरायचं.

फजिती मात्र मशीनवर होत नाही, काठावर होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी संध्याकाळी नमुने घ्यायला गेले. डास फार, म्हणून हातांना क्रीम चोपडलं. सगळ्या बाटल्यांत ‘डीट’ हे डास पळवणारं रसायन सापडलं, फील्ड ब्लँकमध्ये, म्हणजे पडताळणीसाठी काठावर नेलेल्या शुद्ध पाण्याच्या बाटलीतसुद्धा! नदी बिचारी निर्दोष. डीट माझ्या हातांचं होतं. अख्खी बॅच फेकली. आता चहा पिऊन आलेल्या मुलांनाही मी हातमोज्यांशिवाय बाटलीला शिवू देत नाही, कारण कॅफिनही आमच्या यादीत आहे.

तुम्ही प्रयोगशाळेला एवढं विचारा : कोणकोणती संयुगं शोधणार, प्रत्येकाची मोजणीची खालची मर्यादा किती आणि ब्लँकचे आकडे देणार का? ‘आढळले नाही’च्या शेजारी मर्यादा छापलेली नसेल, तर तो कागद चिवड्याला वापरा. औषधांसाठी नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून पाठवा. पीएफएएस (न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) तपासायचं असेल तर बाटली पॉलिप्रॉपिलीनची घ्या, आणि झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर नाही ना, ते आधी बघा.