दहावी नापास आणि युनिव्हर्सिटीचा फॉर्म

प्रश्न: मी लेस्टरला राहते, वय 43. लग्न करून इथे आले त्याला 17 वर्षं झाली, पासपोर्टही आता इथलाच. दहावीला गणित आणि इंग्रजीत उडाले ते परत बसलेच नाही. 9 वर्षं केअर होममध्ये काम करतेय आणि आता सोशल वर्कची डिग्री करावीशी वाटते. वेबसाइटवर 'विथ फाउंडेशन इयर' (डिग्रीआधी तयारीचं एक वर्ष) असे कोर्स दिसतात, पण फॉर्ममध्ये क्वालिफिकेशनचा रकाना आला की मी लॅपटॉप बंद करते. नणंद म्हणते आधी गावी जा, 17 नंबरचा फॉर्म भर, दहावी-बारावी काढ, मग बघ. खरंच तसं करावं लागेल का?

उत्तर: नाही ताई, अजिबात नाही. नणंदबाईंचा सल्ला मनापासूनचा असेल पण त्यात तुमची दोन-तीन वर्षं आणि विमानाची तिकिटं जातील, आणि एवढं करून इथली युनिव्हर्सिटी विचारणार काय, तर इंग्रजी आणि मॅथ्स लेव्हल 2, म्हणजे इथल्या दहावी पासच्या तोडीचं, आहे का. मग तेच आधी करा ना! फंक्शनल स्किल्स म्हणतात त्याला, इंग्लंडमध्ये 19 च्या पुढच्या ज्यांच्याकडे जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचा, ग्रेड 4 नाही त्यांना हे फुकट शिकवतात, संध्याकाळचे क्लासही बऱ्याच ठिकाणी असतात. फक्त काही युनिव्हर्सिट्या जीसीएसईच मागतात, त्यामुळे क्लास लावायच्या आधी अॅडमिशन ऑफिसला ईमेल टाकून विचारा.

आता तो रकाना. यूकॅस, म्हणजे सगळ्या युनिव्हर्सिट्यांचे अर्ज घेणारी संस्था, तिच्या फॉर्ममध्ये 'काहीच फॉर्मल क्वालिफिकेशन नाही' असं सांगायची सोय आहे, म्हणजे असे लोक अर्ज करतात हे त्यांना माहितीच आहे. पण तुम्ही परीक्षेला बसला होतात, तेव्हा दहावी निकालासकट लिहायची, नापास असली तरी. लपवू नका, त्यांना निकाल लपवलेला चालत नाही, नापास झालेलं चालतं.

खरी मेहनत पर्सनल स्टेटमेंटला आहे. 2026 च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केलेत: हाच कोर्स का, शिक्षणातून काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून 4,000 अक्षरं, स्पेस धरून, आणि प्रत्येकाला निदान 350. दुसरा प्रश्न बघून तुम्ही परत लॅपटॉप बंद कराल म्हणून सांगते, केअर सर्टिफिकेट, औषधं द्यायचं ट्रेनिंग, पेशंटला उचलायचं-हलवायचं ट्रेनिंग, आता लावाल तो मॅथ्सचा क्लास, हे सगळं तिथेच जातं. आणि तिसऱ्यात तर बारावी झालेल्या पोरांपेक्षा तुमच्याकडे कितीतरी जास्त आहे. 'आय अॅम अ व्हेरी हार्डवर्किंग पर्सन' हे नको, ते सगळेच लिहितात. रात्रपाळीत पहाटे तीनला डिमेन्शियाचे एक आजोबा कोट घालून दाराशी उभे, बायको वाट बघतेय म्हणतात, आणि बायको जाऊन वर्षं झालीत, तेव्हा तुम्ही काय बोललात, आधी कोट काढलात की आधी चहा दिलात, ते लिहा. आजोबांचं नाव मात्र घालायचं नाही, तेवढी शिस्त ते बघतातच. आणि शाळा सुटल्याबद्दल माफी मागत बसू नका, एक वाक्य पुरे.

रेफरन्स नवऱ्याचा किंवा मैत्रिणीचा चालत नाही, केअर होमच्या मॅनेजरला विचारा.

पैशाचं नीट समजून घ्या कारण लोक इथेच फसतात. फाउंडेशन इयर डिग्रीलाच जोडलेलं असेल, म्हणजे चार वर्षांचा एकच कोर्स, तर स्टुडंट फायनान्सचं, म्हणजे सरकारी, लोन पहिल्या वर्षापासून मिळू शकतं. तुमचा पासपोर्ट इथला आणि 3 वर्षांपेक्षा जास्त वास्तव्य, त्यामुळे तो अडथळा नसावा. वयाचाही अडथळा तुम्हाला नाही, राहण्या-खाण्याच्या लोनला 60 च्या आत लागतं. फेड पगारातून, तीही 25,000 पाउंडांच्या वरच्या रकमेवर 9 टक्के. 'इंटरनॅशनल फाउंडेशन' नावाचं जे सुटं प्रकरण एजंट गळ्यात मारतात ते बाहेरून येणाऱ्या मुलांसाठी असतं. माझ्या चुलतभावाच्या बायकोने एका खाजगी कॉलेजात असाच अॅडव्हान्स भरला, तिला इथलं सिटिझनशिप असूनही! तो परत मिळवायला आठ महिने फोन करत होती.

फाउंडेशन इयरमध्ये एक गोची आहे, ते वर्ष साधारण त्याच युनिव्हर्सिटीत चालतं, दुसरीकडे जायचं म्हटलं तर हमी नाही. म्हणून जवळच्या कॉलेजात अॅक्सेस टू हायर एज्युकेशन डिप्लोमाही (मोठ्या वयात डिग्रीला जाणाऱ्यांसाठीचा तयारीचा कोर्स) बघून ठेवा, साधारण वर्षाचा असतो, त्यावर बऱ्याच ठिकाणी अर्ज करता येतो, आणि त्याचं लोन पुढे डिग्री पूर्ण केलीत की माफ होतं. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी हाच जास्त बरा, पण नोकरी सांभाळून दिवसाचे क्लास जमतील का ते तुम्हालाच माहीत.

कोर्स सोशल वर्क इंग्लंडने (सोशल वर्करची नोंदणी करणारी संस्था) मान्य केलेला आहे ना ते आधी बघा, नाहीतर डिग्री हातात आणि रजिस्ट्रेशन नाही. नावात 'सोशल' असलेले कोर्स ढीगभर आहेत. अर्जाची मुख्य मुदत जानेवारीच्या मध्यात असते, तेव्हा मॅनेजरला ख्रिसमसच्या सुट्टीवर जायच्या आधीच गाठा.